बोरजळची पदरभाकरी

ती बाटली आधी खाली घ्या. हो, तीच, शिळेवर ठेवलीत ती. ताई, तुमचा डबासुद्धा. रागावू नका, पाहुण्यांना मी उगाच बोलत नाही, पण या शिळेवर भांडं ठेवायचं नाही अशी बोरजळची रीत आहे. माणूस बसला तर चालतं, पोरं नाचली तर चालतं, शेळी चढली तर आम्ही नुसती हाकलतो. भांडं मात्र नको. मला इथं सगळे कोंडाआजी म्हणतात. वेशीपाशीच माझं घर, त्यामुळे आल्यागेल्याला ही गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगू का, ते दुसऱ्या कुणी केलेलं मला खपतही नाही.

वरखेडचं देऊळ बघून आलात ना? कपाळावरच्या मळवटावरून कळलं. वरखेडला बस थांबते, फुलं मिळतात, चहा मिळतो. तिथल्या पुजाऱ्याला गोष्ट सांगताना मधेच डोळे मिटायची सवय आहे, लोकांना ते फार आवडतं म्हणे. आवडू दे. आमच्याकडे कळस नाही की घंटा नाही, हा एक काळा दगड आहे. पण कार्तिकातल्या शेवटच्या मंगळवारी वरखेडची माणसंही गुपचूप येऊन इथल्या रांगेत उभी राहतात, हे काही तो पुजारी तुम्हाला सांगायचा नाही.

आज तोच मंगळवार. सकाळपासून घरोघर भाकऱ्या थापणं चाललं आहे. दिवस कलला की प्रत्येक घरातून भाकरी आणि पसाभर ज्वारी या शिळेवर येईल, ज्याला जास्त आणायचं तो पोतंभर आणील. मग गावात सगळ्यात शेवटी राहायला आलेलं जे घर, त्या घरची बाई शिळेच्या पलीकडे उभी राहील आणि अख्खं गाव अलीकडे. सरपंच, डॉक्टरीणबाई, किराणावाला, रोजानं जाणाऱ्या बाया, सगळे एका रांगेत. बाईनं पदर पसरायचा, पुरुषानं उपरणं नाहीतर सदऱ्याचं टोक, आणि म्हणायचं, "घरात नाही, दे." माडीचं घर असलं तरी हेच म्हणायचं. पदर मिटेपर्यंत ती देत राहते. कधी मिटायचा ते घेणाऱ्यानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी मान खाली घालून उभं राहायचं, कारण दुसऱ्याच्या पदरात बघायला मनाई आहे. ही आमची पदरभाकरी, आज सुरुवात होते ती नवी ज्वारी घरात येईपर्यंत दर मंगळवारी. अजून वेळ आहे, बसा, सांगते.

गोष्ट फार जुनी आहे. केव्हाची ते विचारू नका, मला सन-सालातलं कळत नाही. असं सांगतात की तेव्हा बोरजळची पेवं साऱ्या मुलखात नावाजलेली होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली ज्वारीची कोठी. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र ऐसपैस. ज्वारी भरली की तोंडावर दगड ठेवायचा आणि वरून शेणामातीनं लिंपून टाकायचं. हा समोरचा माळ दिसतो ना, तिथं घराघराचं पेव शेजारी शेजारी होतं. वरून सगळी सारखीच दिसायची. कुणाचं गळ्यापर्यंत भरलेलं आणि कुणाचं तळाला गेलेलं, ते ज्याचं त्याला माहीत. झाकली मूठ सव्वालाखाची.

एका साली पाऊस ओढला. पिकं हातची गेली नाहीत, पण नवा दाणा यायला अजून अवकाश होता आणि लोक हात राखून खायला लागले. अशातच खालच्या मुलखातून काही कुटुंबं आली. त्यांचं गाव नदीनं नेलं होतं. माणसं घोंगड्या विणणारी, भाषा कानडी, सोबत थोडी लोकर आणि पोरंबाळं, बाकी काही नाही. वेशीपाशी तेव्हा धर्मशाळा होती, तिथं ती टेकली आणि पुढं कुठं जायचं हे ठाऊक नसल्यामुळे तिथंच राहिली.

गावचे पाटील सटवाजी. माणूस दिलदार, पण विचार करण्याआधी बोलणारा. त्यांनी चावडीवर गाव जमवलं आणि सांगितलं, की दारी आलेल्याला बोरजळनं कधी उपाशी निजवलेलं नाही, तेव्हा पाळी लावू. रोज काही घरांनी एकेक भाकरी वेशीतल्या शिळेवर आणून ठेवायची. ही शिळा तेव्हा नुसती डोईचं ओझं टेकवायच्या कामाची होती. पुढं पाटील म्हणाले, "कुणाला जड जाणार असेल तर आत्ताच सांगा, त्याचं घर पाळीतून वगळू." आता तुम्हीच सांगा, भर चावडीत असं विचारल्यावर कोण हात वर करील? कुणीच केला नाही. पाटील खूश झाले.

त्या चावडीत बायकांच्या बाजूला म्हाळसाबाई बसली होती. पाटलांच्या खालोखाल मान तिच्या घराचा. नवरा वारलेला. मुलगा रायाजी जनावरं जगवायला ती घेऊन दूर रानात गेलेला, त्याचा महिनोन्‌महिने निरोप नाही. घरी सून ठकू, ओली बाळंतीण, आणि तिचं पोर. आणि पेवात दाणा नव्हता. आदल्या साली कुणीही दारात यावं आणि यांनी सूपभर घालावं, असा कारभार होता, त्यामुळे पेव लवकर तळाला गेलं. म्हाळसाबाईनं शेवटचा दाणा झाडून काढला, तोंड पुन्हा लिंपून घेतलं, आणि लिंपण असं सुबक केलं की शेजारणी वाखाणत होत्या.

तुम्ही म्हणाल, शेजारी मागायचं. मागितल्यावाचून देणारेही होतेच की. बाळंतीण घरात आहे म्हटल्यावर कुणी खिरीचा गडू आणायचं, कुणी डिंकाचे लाडू. पण आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आलेल्या भांड्यात काहीतरी घालूनच पाठवायचं, निदान गुळाचा खडा. म्हाळसाबाईच्या घरात गुळाचा खडा नव्हता. म्हणून ती दारातूनच हसून सांगायची, "अगं बाई, कशाला? आमच्याकडे उतू चाललंय." आणि भांडं आल्या पावली परत जायचं. आत बाजेवर ठकू ते ऐकत असायची. नातवाचं बारसंही लांबवलं होतं, कारण बारसं म्हटलं की पंगत आली. कुणी विचारलं तर रायाजी आल्यावर करू म्हणायचं.

सांजेला साऱ्या आळीतून भाकरी थापल्याचे आवाज यायचे. आपल्या घरातून आला नाही तर लोकांना कळेल, म्हणून म्हाळसाबाई काठवटीत नुसतं पाणी शिंपडायची आणि ओल्या हातानं लाकडावर थापत बसायची, असं सांगतात. शेजारणी म्हणायच्या, म्हाळसाबाईचा हात अजून कसा चालतो बघा.

मग तिच्या घराची पाळी आली. हांड्याच्या बुडाशी राखून ठेवलेली मूठभर ज्वारी होती, ती तिनं दळली, चिंचोके भाजून, सोलून, कुटून त्यात घातले आणि एक भाकरी केली. ती भाकरी सुनेच्या तोंडात घालायची की वेशीत न्यायची, यावर ती चुलीपुढं बराच वेळ बसून राहिली म्हणे. शेवटी उठली, लुगडं बदललं आणि वेशीत गेली. पाळी चुकली असती तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं.

शिळेपाशी निंगव्वा उभी होती. घोंगडीवाल्यांतली तरणी बाई, कडेवर पोर, बसू त्याचं नाव. ठकूच्या पोराच्याच वयाचं, थोडं मोठं असेल, पण अंगानं दुप्पट. बाया एकेक भाकरी शिळेवर ठेवत होत्या आणि निंगव्वा पदर पसरून एकेक उचलून घेत होती. पाटलीणबाईंनी तुपाचा हात लावलेली भाकरी आणली होती. कुणीतरी, हीही बाळंतीणच म्हणून, खोबऱ्याची वाटी ठेवली. निंगव्वाच्या लेकराचे गाल ओढून बाया म्हणत होत्या, आमच्या बोरजळचं पाणी मानवलं बरं का याला. आणि निंगव्वा हसत होती. मोडकंतोडकं मराठी बोलत होती, "अजून दे, पोरं लई हायत," म्हणत होती. म्हाळसाबाईनं आपली भाकरी ठेवली आणि ती घरी आली. येताना तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

लोक म्हाळसाबाईला नावं ठेवतात, मला ते आवडत नाही. ती आमच्याच घराण्यातली, हे आधीच सांगून ठेवते. भरल्या पोटाच्या माणसाचा हेवा सगळेच करतात आणि दोन शिव्या देऊन मोकळे होतात. उपाशी माणसानं उपाशी माणसाचा केलेला हेवा फार वाईट, तो आतून पोखरतो. म्हाळसाबाईला निंगव्वाच्या भाकऱ्या सलत होत्याच, पण त्याहून तिचा पदर सलत होता. ती पसरते आणि हसते. तिला कुणी ओळखत नाही, तिला नाव नाही, तिचं नाक कापलं जायची भीती नाही. भूक दोघींची एकच, पण तिला मागता येतं आणि मला येत नाही, आणि तिचं लेकरू गुटगुटीत होतं ते माझ्या गावच्या भाकरीवर, माझ्या घरच्या भाकरीवर. ठकूचं दूध आटत चाललं होतं. पोराचं रडणं बारीक झालं होतं.

तेव्हापासून म्हाळसाबाई रोज पाण्याच्या निमित्तानं वेशीत जायला लागली. आडाला पाणी असताना कळशी घेऊन ओढ्यावर निघायची, कारण वाट शिळेवरून जात होती. कुणी किती आणलं, कुणी काय लावून आणलं, निंगव्वानं कुणाकडे बघून मान हलवली, सगळं ती बघायची आणि घरी येऊन ठकूला सांगायची. सुनेनं एकदा म्हटलं, "अहो आत्याबाई, ऐकून माझी भूक वाढते." तरी तिला सांगितल्यावाचून राहवेना.

इकडे निंगव्वानं काय केलं ते ऐका. म्हाळसाबाईच्या पाळीच्या दिवशी भाकऱ्या पोरांत वाटताना एक पोर एक तुकडा थुंकलं. निंगव्वानं तो चाखला. चिंचोक्याची चव तिला ओळखू येणारच, नदीनं गाव नेल्यावर तिनंही तेच खाल्लं होतं. सुखवस्तू घर हौसेनं चिंचोके कुटत नाही. भाकरी कुणी ठेवली होती ते तिच्या लक्षात होतं, आणि रोज उगाच ओढ्यावर जाणारी, शिळेकडे बघणारी ती बाईही तिनं पाहिली होती.

एका दुपारी, आळी जेवून पडलेली असताना, निंगव्वा म्हाळसाबाईच्या मागल्या दारी आली. कडेवर बसू आणि पदरात चार भाकऱ्या. तिनं नुसता पदर पुढं केला. म्हाळसाबाईच्या आधी ध्यानात आलं की भांडं नाही. पदरातून पदरात घ्यायचं, परत करायचं काही नाही. तिचा हात पुढं गेलासुद्धा, असं सांगतात. तेवढ्यात आत ठकूचं पोर बारीक रडलं आणि त्या आवाजानं निंगव्वाचं पोर खदाखदा हसलं. पोरच ते, त्याला काय कळतं? पण म्हाळसाबाईनं हात मागं घेतला.

"माझ्याच गावची भीक मला आणून देतेस होय गं?" ती म्हणाली. "चालती हो. माझ्या परड्यात पुन्हा पाय टाकलास तर बघ."

निंगव्वा गेली. म्हाळसाबाईच्या मनातून मात्र ती गेली नाही. तिला ठाऊक आहे. गावात कुणाला ठाऊक नाही ते या परकीला ठाऊक आहे, आणि वर दया करायला आली. रात्रभर हे तिच्या डोक्यात राहिलं. सकाळी आडावर बाया जमल्या तेव्हा म्हाळसाबाईच्या तोंडून निघून गेलं, की ती कानडीण काल माझ्या मागल्या दारी घुटमळत होती, आणि परवा आपल्या पेवांच्या माळावरही तिला मी बघितली. पहिलं खरं होतं, दुसरं खोटं. पण खऱ्याला चिकटलेलं खोटं पटकन खपतं.

पेव फोडणं हा तेव्हाचा सगळ्यात मोठा गुन्हा. दुपारपर्यंत गावात एकच बोभाटा झाला. त्या सांजेला शिळेवर एकही भाकरी आली नाही, दुसऱ्या सांजेलाही नाही. आधी ज्या बाया बसूचे गाल ओढत होत्या त्या त्याच्याकडे बघून पदर सावरायला लागल्या. सटवाजी पाटलांनी ठरवलं, की नुसत्या बोलण्यावर कुणाला चोर म्हणायचं नाही, सगळी पेवं उघडून बघायची. ज्याचं रिकामं निघेल त्याची चोरी झाली.

हे ऐकलं तेव्हा म्हाळसाबाईच्या पायांखालची जमीन सरकली. तिनं हा विचारच केला नव्हता.

पेवांची तोंडं उघडून ठेवावी लागतात, आतला कोंदट वारा जाऊ द्यावा लागतो, नाहीतर उतरलेला माणूस वर येत नाही. तोंडं उघडली, वारा खेळू दिला, दिवा सोडून पाहिला आणि मग एकेक माणूस दोरावरून आत उतरला. सारं गाव माळावर उभं. घोंगडीवाल्यांना एका बाजूला बसवलेलं. काही पेवं अर्धी होती, काहींत तळाला थोडं होतं, ते ज्याचे त्याचे मालक माना खाली घालून बघत होते. म्हाळसाबाईचं पेव मात्र झाडून नेल्यासारखं रिकामं निघालं. लिंपण कुठंही उकरलेलं नव्हतं, पण एकदा संशय बसला की असलं कुणाला दिसत नाही.

आणि मग जे झालं त्याची म्हाळसाबाईनं स्वप्नातही आशा केली नव्हती. साऱ्या गावाला तिचा कळवळा आला. बाई एकटी, घरात बाळंतीण, आणि तिचंच पेव लुटलं! एक म्हणाला मी पायलीभर देतो, दुसरा म्हणाला मी दोन. पाटलांनी जाहीर केलं, की म्हाळसाबाईचं पेव गाव भरून देईल. ही भीक नव्हती, यात भांडं परत करायचं नव्हतं, नाक जायचं नव्हतं. नातू वाचत होता. आणि जिच्या नावानं ती इतके दिवस जळत होती ती गावाबाहेर जाणार होती. हे सगळं मिळायला तिला काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. ती गप्प बसली.

पाटलांनी निंगव्वाला पुढं बोलावलं. म्हाळसाबाईच्या मागल्या दारी गेली होतीस का, विचारलं. गेले होते, म्हणाली. कशाला, विचारलं. त्यावर निंगव्वा बोलेना. तिच्या माणसांनी तिला कानडीत विनवलं, एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. तिनं चिंचोक्यांचा एक शब्द काढला असता तर सुटली असती, सगळे सुटले असते. तिनं एकदा म्हाळसाबाईकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"दिवस मावळायच्या आत गाव सोडा," पाटील म्हणाले.

आता इथं वरखेडचा पुजारी असता तर त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं, की म्हाळसाबाईच्या हृदयात देवी जागी झाली. ही गोष्ट तो तशीच सांगतो, मी ऐकलंय. साफ खोटं. आमच्या घरात चालत आलं आहे ते असं, की तिच्या हृदयात तोच जुना हेवा जागा झाला, आणि असा झाला की त्यापुढं आधीचा काहीच नव्हता. तिनं निंगव्वाची खाली घातलेली मान बघितली आणि तिच्या लक्षात आलं, की ही बाई माझी लाज राखते आहे. स्वतःचं लेकरू उन्हात घालून माझं नाक वाचवते आहे. म्हणजे भाकरीतही हीच मोठी, आणि मनानंही हीच मोठी? मी उरलेला जन्म हिनं टाकलेल्या मोठेपणावर काढायचा? ते काही म्हाळसाबाईला सोसेना. उपास सोसला होता, हे सोसेना.

ती बायकांतून निघाली आणि माळाच्या मधोमध आली.

"माझं पेव कुणी फोडलं नाही," ती म्हणाली. "पेरणीच्या आधीच संपलं होतं. पाळीला मी चिंचोक्याची भाकरी दिली, ती हिनं ओळखली, आणि मला भाकऱ्या द्यायला आली होती. मी हिला हाकललं आणि खोटं बोलले."

म्हाळसाबाई निंगव्वाच्या पुढं गेली. साऱ्या गावादेखत, सासऱ्या-दिरांच्या वयाच्या माणसांदेखत तिनं डोईवरचा पदर काढून दोन्ही हातांनी पसरला.

"घरात नाही," ती म्हणाली. "दे."

निंगव्वाजवळ होतं तरी काय? दोन दिवस शिळेवर काही आलं नव्हतं. तिच्या कनवटीला फडक्यात बांधलेली अर्धी शिळी भाकरी होती, पोरासाठी ठेवलेली. ती तिनं काढली, मोडली आणि एक तुकडा म्हाळसाबाईच्या पदरात टाकला. म्हाळसाबाईनं पदर मिटला नाही. मग दुसराही टाकला.

सांगतात की तेवढ्यात गर्दीतून आणखी एक बाई आली, आळीच्या टोकाला राहणारी. तिचं पेव अर्धं निघालं होतं खरं, पण खाली दगड आणि वर दाण्यांचा थर होता, ते उतरलेल्या माणसानं तिच्या लाजेखातर सांगितलं नव्हतं. तीही पदर पसरून उभी राहिली. तिच्या मागून आणखी दोघी आल्या. कालपर्यंत पाळीनं भाकरी देणारी घरं ती. सटवाजी पाटील बघत राहिले. आपण भर चावडीत काय विचारलं होतं ते त्यांना तेव्हा उमगलं असावं. पाटलीणबाईच पुढं झाल्या, भरल्या घरच्या बाई, आणि त्या चौघींच्या ओळीत पदर पसरून उभ्या राहिल्या. पाटलीणच उभी राहिली म्हटल्यावर मागं कोण राहतो? बघता बघता सगळं गाव त्या कानडी बाईपुढं मागायला उभं, आणि गरजवंत कोण, बिनगरजेचा कोण, ते ओळखायची सोय राहिली नाही. पाटलांनी आपल्या पेवातून पोती वर काढून वेशीत आणायला लावली, आणि वाटप निंगव्वाच्या हातून झालं, याच शिळेवरून. भांडं तेवढं कुणालाच आणू दिलं नाही. तो कार्तिकातला शेवटचा मंगळवार होता.

निंगव्वा बोरजळातच राहिली. ठकूचं पोर दोघींच्या अंगावर पिऊन वाढलं आणि बारशाला नाव ठेवलं निंगव्वानं, मल्लाप्पा. आमच्या घराण्यात अजून दर पिढीत एक मल्लाप्पा असतो, पाव्हणेरावळे हसतात. रायाजी पुढं परत आला, जनावरं निम्मी घेऊन. पण म्हाळसाबाई आणि निंगव्वा गळ्यात गळे घालून राहिल्या, असं काही समजू नका. नातू आजीला सोडून निंगव्वाकडे झेप घ्यायचा, की म्हाळसाबाईचा जळफळाट सुरू. निंगव्वाची घोंगडी कुणी वाखाणली, की ही म्हणायची, टोचते. मरेपर्यंत जळली तिच्यावर. पण दर साली त्या मंगळवारी रांगेत सगळ्यात आधी येऊन उभी राहायची ती म्हाळसाबाईच, आणि दुसऱ्या कुणी पहिलं उभं राहिलेलं तिला चालायचं नाही.

आजही तसंच चालतं. पलीकडे उभं राहायचा मान सगळ्यात नव्या घराचा. कधी ऊसतोडीला येऊन राहिलेलं घर, कधी बदलीनं आलेल्या मास्तरांचं. यंदा वीटभट्टीवर ओडिशाकडचं कुटुंब आलं आहे, त्यातली सुकांती उभी राहणार. तिला मराठीचा एकच शब्द येतो, 'घे', आणि तेवढा पुरतो. आल्यापासून तिच्या पोरांना दूध कुणाच्या घरचं मिळतं ते विचारू नका, विचारायची रीत नाही. मला मात्र तिचा हेवा वाटतो, सांगून टाकते. आमचं घर इथलं फार जुनं, मला काही या जन्मात पलीकडे उभं राहायला मिळायचं नाही.

ती बघा आली. उठा, तुम्हीही उभे राहा. पदर नसेल तर सदऱ्याचं टोक धरा, ओढणी धरा, आणि माना खाली. माझ्याकडे बघायचं नाही. गेल्या साली मी पदर लवकर मिटला नव्हता, यंदाही मिटणार नाही. रीत म्हणून, की घरात नाही म्हणून, ते इथं कुणी कुणाला विचारत नाही.